रात्रीची लाइट

माझ्या चुलतभावाने मला एक रील पाठवली. काळ्या आकाशात निळ्या काचांची एक प्रचंड चादर उलगडते, तिच्यातून प्रकाशाचा जाड झोत पृथ्वीवर पडतो, आणि एक धीरगंभीर आवाज सांगतो की आता चोवीस तास सौरऊर्जा मिळणार, रात्रीसुद्धा. खाली भावाचा मेसेज: “ताई, हे खरंय का? म्हणजे सोलर आलं तरी रात्रीचीच लाइट देणार का आता?”

मी पुण्यात सोलर इन्व्हर्टर तपासायचं काम करते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांसाठी सूर्याचं खातं माझ्याकडे आहे. या विषयावर मी गेले काही महिने सापडेल ते वाचते आहे. रॉकेटचा खर्च, लहरींची लांबी, पॅनलचं वजन, सगळ्यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. पण भावाने घेतली ती शंका मला कुठे भेटली नाही. ती नीट समजायची तर आधी रात्रीची लाइट म्हणजे काय ते सांगायला हवं.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला. आमच्याकडे लाइट म्हणजे दिवा नव्हे. लाइट म्हणजे थ्री फेज, मोटर चालवणारी वीज. घरातला बल्ब सिंगल फेजवर लागतोच. शेतीची लाइट मात्र पाळीने येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची म्हणजे अकरा-बाराला सुरू होऊन सकाळपर्यंत. शहरातले मित्र विचारतात, मग ऑटो स्टार्टर बसवा की, झोपेत मोटर चालू होईल. मोटर होते हो. पण पाणी झोपेत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात नाही. टोमॅटोला ठिबक आहे, तिथे भागतं. कांद्याला आणि उसाला अजून कितीतरी ठिकाणी पाटानेच पाणी देतात. त्यासाठी कुणीतरी दारं धरायला लागतं: एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून तो बंद करायचा, पुढचा फोडायचा. थंडीत, चिखलात, हातात बॅटरी.

आणि उसात बिबट्या. जुन्नरबद्दल आता सगळ्या महाराष्ट्राला एवढं माहीत झालं आहे. कुकडीच्या धरणांमुळे ऊस वाढला, आणि इथले कितीतरी बिबटे जंगल न बघता उसातच जन्मले आणि वाढले. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकसष्ट वर्षांचे. रात्रीच्या पाळीत ते मोबाइलवर मोठ्याने भजनं लावून दारं धरतात. भक्तीने लावत असतील असं मी लहानपणी समजायचे. आई तोवर जागी असते आणि दर अर्ध्या तासाने फोन करते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मळ्यात असंच पाणी धरायला गेलेल्या एकाला बिबट्याने खाली पाडलं. तो वाचला. त्याचा उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही.

आता वरची गोष्ट.

पृथ्वीपासून साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या बरोबर वर, उपग्रह ठेवला की तो पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरतो आणि खालून आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. आपल्या छतावरच्या डिश अँटेना अशाच उपग्रहांकडे तोंड करून असतात. तिथे ढग नाहीत, पावसाळा नाही आणि रात्र जवळपास नाहीच. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासचे काही दिवस तेवढा तो मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत जातो, तोही फार तर तास-सव्वा तास. वर दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॉट ऊन पडतं. मग पॅनल तिथेच लावू, वीज मायक्रोवेव्हमध्ये बदलून खाली सोडू, खाली अँटेनांच्या जाळ्याने ती पकडून परत वीज करू: कल्पना एवढीच. सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची लहर ढगातून आरामात पार होते. आषाढात आठ-आठ दिवस ऊन न बघणाऱ्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल.

आयझॅक असिमोव्हच्या १९४१ सालच्या ‘रिझन’ या कथेत असं एक केंद्र आहे. तिथला रोबो पृथ्वी नावाचं काही खाली आहे हेच मानत नाही, तरी झोत मात्र इंचभर हलू देत नाही. कागदावरचं पहिलं गंभीर गणित १९६८ साली पीटर ग्लेझर या अभियंत्याने ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं आणि १९७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि अमेरिकी सरकारला अचानक या माणसाचं म्हणणं ऐकावंसं वाटलं.

बिनतारी वीज पाठवता येते का, याचं उत्तर तोपर्यंत जवळपास मिळालेलंच होतं. विल्यम ब्राऊन नावाच्या अभियंत्याने १९६४ मध्येच दोरांना बांधलेलं एक छोटं हेलिकॉप्टर नुसत्या मायक्रोवेव्हवर तासन् तास हवेत ठेवलं होतं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या वाळवंटात २६ मीटरच्या डिशमधून दीड किलोमीटर दूरच्या एका मनोऱ्यावर झोत सोडला गेला, आणि तिथे ३० किलोवॉटहून जास्त वीज मिळाली. दिव्यांची रांग पेटली. अँटेनांवर जेवढी शक्ती पडली, तिच्या ८० टक्क्यांहून जास्त विजेत उतरली. त्या प्रयोगाचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. मी इन्व्हर्टरमधला एकेक टक्का वाचवण्यासाठी आठवडे घालवते, आणि या लोकांनी मधली तारच काढून टाकली होती.

मग पन्नास वर्षं झाली तरी हे का झालं नाही?

सरळ उत्तर पैसा, पण त्याच्या आधी एक भूमिती आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. बॅटरीचा झोत जसजसा लांब जातो तसतसा पसरतो. मायक्रोवेव्हचंही तसंच. तो किती पसरणार हे लहरीची लांबी, अंतर आणि पाठवणाऱ्या अँटेनाचा आकार यांवर ठरतं, त्यात कुणाची हुशारी चालत नाही. वर एक किलोमीटर व्यासाची अँटेना असेल, तर ३६ हजार किलोमीटर खाली झोताचा गोल साधारण १० किलोमीटरचा होतो. वरची अँटेना अर्धी केली तर खालचा गोल दुप्पट. म्हणजे ‘आधी छोटं करून बघू, जमलं तर वाढवू’ हा रस्ताच बंद. आमच्याकडे सोलर तीन एचपीच्या पंपापासून सुरू होतं, नाहीतर गॅलरीतल्या एका पॅनलपासून. १९७९ मध्ये नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जो नमुना आराखडा केला, तो एका उपग्रहाला ५,००० मेगावॉटचा होता. आपलं कोयना १,९६० मेगावॉटचं, म्हणजे अडीच कोयना एका झोतात. वर ५ किलोमीटर बाय १० किलोमीटरची पॅनलची चादर आणि खाली १० बाय १३ किलोमीटरचं लंबवर्तुळ. असे साठ उपग्रह. १९८१ मध्ये तज्ज्ञांनी यावर आणखी पैसे घालू नका म्हणून सांगितलं आणि फाइल बंद झाली.

त्या लंबवर्तुळाचा मी एका रविवारी हिशोब केला. क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास २५ हजार एकर. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्याकडे ते थोडं कमी लागेल. साधे पॅनल जमिनीवर लावायला एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर साधे पॅनल लावले तरी भर दुपारी ५,००० मेगावॉट मिळतील. फरक एवढाच की ते वर्षभराच्या सरासरीत त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेच चालतील, आणि झोत जवळजवळ सतत. थोडक्यात, अवकाशात जाऊनही जमिनीचा प्रश्न सुटत नाही, चार-पाच पटींनी सौम्य होतो. रीलमध्ये खालची जमीन दाखवतच नाहीत. झोत पडतो तिथे नुसता निळा उजेड असतो.

झोताने माणसं भाजतील का, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. त्या आराखड्यात झोताच्या मध्यावरची तीव्रता दर चौरस मीटरला २३० वॉट होती, दुपारच्या उन्हाच्या चौथाईएवढी. कडेला ती त्याच्याही तेविसाव्या भागाएवढी. उपग्रहाला नेम धरायला जमिनीवरून एक खुणेचा सिग्नल लागतो. तो तुटला की वरचे हजारो छोटे प्रक्षेपक एकमेकांशी ताल सोडतात आणि झोत विस्कटतो. त्यामुळे शहर जाळणारा किरण वगैरे सिनेमातच. तरी मध्यावर रोज उडणाऱ्या बगळ्यांचं काय होईल हा प्रश्न मला फालतू वाटत नाही.

अलीकडे ही फाइल पुन्हा उघडली, कारण रॉकेट स्वस्त झाली आणि पॅनल हलके झाले. जपान तर मध्येही थांबला नव्हता. २०१५ मध्ये त्यांनी १.८ किलोवॉट वीज ५५ मीटरवर नेमकी पाठवून दाखवली. डॉ. अब्दुल कलामांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल स्पेस सोसायटीबरोबर याच विषयावर एक संयुक्त उपक्रम जाहीर केला होता. पण मला सगळ्यात आवडतो तो कॅलटेकचा प्रयोग. एका उद्योगपतीच्या दहा कोटी डॉलरहून मोठ्या देणगीतून त्यांनी ५० किलोचं एक यंत्र जानेवारी २०२३ मध्ये वर पाठवलं. त्यातल्या लवचीक प्रक्षेपकाने वरच, फूटभर अंतरावर, दोन छोटे एलईडी आळीपाळीने पेटवले. आणि त्याच वर्षी २२ मे रोजी पॅसाडीनातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर त्या यंत्राकडून आलेला सिग्नल पकडला. ओळखण्यापुरता. त्याने एक मोबाइलही चार्ज झाला नसता. तरी अवकाशातून मुद्दाम खाली पाठवलेली शक्ती माणसाने गच्चीवर उभं राहून मोजली, हे मी कितीदा तरी वाचलं आहे.

पैशाचं सांगायचं तर नासाने जानेवारी २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०५० च्या सुमाराचे दोन नमुने धरून एका युनिटला ०.६१ आणि १.५९ डॉलर असा खर्च आला. म्हणजे ढोबळमानाने ५० आणि १३० रुपये. जमिनीवरची हरित वीज त्यांनीच २ ते ५ सेंट धरली आहे. सगळ्यात मोठा खर्च सामान वर नेण्याचा. तो खूप उतरला, यंत्रं जास्त टिकली, सगळंच मनासारखं झालं, तर दर ३ ते ८ सेंटांवर येऊ शकतो असंही तोच अहवाल म्हणतो. मी त्या ‘तर’वर हसणार नाही. मी कॉलेजात असताना पॅनलच्या किमतीबद्दल असेच ‘तर’ वाचले होते, ते सगळे खरे झाले.

म्हणजे समजा, झालं. दर उतरला, झोत आला. आता भावाची शंका.

शेतकऱ्याला रात्रीची लाइट का देतात? त्यात कुणाचं वैर नाही. कोळशाचं केंद्र रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. ते कमी करता येतं, पण एका मर्यादेपर्यंत. मध्यरात्रीनंतर शहरं झोपतात, ऑफिसं बंद, मागणी खाली येते. जी वीज तयार होतेच आहे ती कुणीतरी वापरायला हवी. रात्री एसी लावा म्हणून शहरातल्या माणसाला सांगता येत नाही, पण शेतीचा फीडर वेगळा असतो, तो हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. म्हणून मागणीचा खड्डा भरायला आमची मोटर. इंजिनिअरिंगला आम्हाला हा आलेख होता. दिवसरात्रीची मागणी दाखवणारी रेषा, आणि ती सपाट केली की शाबासकी. रेषेतल्या त्या खड्ड्यात अण्णा उभे आहेत हे परीक्षेत लिहायचं नसतं.

आणि अवकाशातल्या विजेची जाहिरात कशावर आहे? सपाट रेषेवर. चोवीस तास, बारा महिने, एकसारखी. अडीच कोयनांएवढी वीज रात्री दोनलाही दुपारी दोनएवढीच येणार. ज्या यंत्रावर अब्जावधी डॉलर घातले ते रात्री रिकामं ठेवायला कुणाला परवडेल? मग रात्री दोनला ती वापरणारा शोधावा लागेल. माझ्या भावाने रील बघून पाच सेकंदांत हे ओळखलं, कारण ‘रात्रीही मिळणार’ या वाक्याचा त्याच्या आयुष्यात एकच अर्थ आहे.

यावर एक उत्तर आहे, आणि ते दमदार आहे. झोत वळवता येतो. आपल्याकडे रात्री नको असेल तेव्हा तोच झोत जिथे दिवस आहे किंवा थंडीने मागणी वाढली आहे तिथल्या जाळीवर टाकायचा. ब्रिटनसारख्या, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडणाऱ्या देशाला यात खरंच गोडी आहे, जपानला आहे. पण त्यासाठी दोन देशांत दोन जाळ्या हव्यात आणि झोत कधी कुणाकडे वळायचा याचा करार हवा. वेळापत्रक करणाऱ्याची खुर्ची तेवढी ३६ हजार किलोमीटर वर जाईल. रात्रीची खरी भूक आहे ती डेटा सेंटरांना; ऐरोली-महापेला ती ओळीने उभी आहेत. गूगलने तर २०२५ मध्ये ‘सनकॅचर’ नावाचा विचार मांडला: वीज खाली आणायची कटकटच नको, संगणकच वर नेऊन ठेवू. मला हा जास्त प्रामाणिक वाटतो. ज्याला रात्री जागायचं आहे त्याने वर जावं.

आमच्या भागाची एक गंमत सांगायला हवी. गावापासून थोड्या अंतरावर खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, विश्वातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी त्या पत्र्याच्या न करता बारीक तारेच्या जाळीच्या केल्या, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्चही वाचला. आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात. या शांततेपायी आमच्याकडे मोठे कारखाने आले नाहीत, आणि पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला रस्ताही अडला. यावर पारावर रोज भांडणं होतात. आता अवकाशातली वीज पकडणारी अँटेनाही जाळीचीच असणार आहे. एक जाळी अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज पकडते, दुसरी ५,००० मेगावॉट. दोघी शेजारी नांदू शकत नाहीत. झोताची मुख्य लहर खोडदच्या कानांच्या पट्ट्याबाहेरची आहे हे खरं, पण एवढ्या शक्तीच्या यंत्रातून आजूबाजूला सांडणारा गोंगाट तिथपर्यंत पोचणार ही धास्ती जगभरातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना आहे. आणि आकाश एकच आहे, एका तालुक्यातून हलवून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नाही.

जाळीची एक गोष्ट मात्र मला मोहात पाडते. तिच्यातून बहुतेक ऊन खाली झिरपतं. म्हणजे खाली पीक घेता येईल, गुरं चरतील, असं ग्लेझरच्या काळापासून सांगतात. पॅनलखाली तेवढं ऊन राहत नाही. हे मला आठवलं ते आमच्या ग्रामसभेत.

राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचे पॅनल लावायचे आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. सूर्य असेल तेव्हाच वीज, म्हणजे दिवसाच. मी ज्याला आयुष्यभर सोलरचा दोष म्हणून शिकले, रात्री बंद पडणं, तोच इथे त्याचा गुण झाला. विजेचा दर तीन रुपयांच्या आसपास. आमच्या गावात त्यासाठी गायरानातली वीस एकर जागा द्यायची की नाही यावर सभा होती. मी सुट्टी काढून गेले, कागद-आकडे घेऊन. बागाईतदार सगळे हो म्हणाले. अण्णा सहसा बोलत नाहीत, तेही उठून म्हणाले, “रात्रीचं जायचं बंद होत असंल तर करा बाबा.”

मग वरच्या वाडीतली एक म्हातारी उठली. तिला शेत नाही, मोटर नाही, चौदा शेळ्या आहेत. “तुमची लाइट दिवसा व्हईल, चांगलं हाये,” ती म्हणाली. “माझ्या शेरडांनी काय रात्रीचं चरायचं का?”

सभेत हशा झाला, ग्रामसेवकांनी काहीतरी लिहून घेतलं. मी सुचवलं की पॅनलचे खांब मीटरभर उंच घेतले तर खालचं गवत शेळ्यांना खाता येईल, गवत काढायचा खर्चही वाचेल. परदेशात मेंढ्यांना असं चरायला सोडतात. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, शेळ्या वायरी खातात मॅडम, आणि पॅनलवर चढतात. तेही खरं आहे. मेंढी चढत नाही, शेळी चढते. ठराव बहुमताने झाला, कुंपणाच्या बाहेर चार एकर चराईला सोडायची अट घालून. चार एकर चौदा शेळ्यांना पुरेल, पण वाडीत शेळ्या चौदाच नाहीत.

भावाला मी उत्तर पाठवलं: रीलमधलं खरं व्हायला निदान वीस वर्षं आहेत, झालं तरी आधी आपल्याकडे नाही. गायरानातलं झालं तर तुझी दिवसाची लाइट बहुधा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. त्याने अंगठा पाठवला, आणि मग विचारलं, आषाढात ढग आले की पुन्हा रात्रीची का? आषाढात पाणी द्यायला लागत नाही, असं मी लिहिणार होते. पण गेल्या दोन पावसाळ्यांत जुलै कोरडा गेला, ढग होते आणि पाऊस नव्हता, त्याने विहिरीवरूनच कांद्याची रोपं जगवली. मी लिहिलं की तेव्हा वेळापत्रक जुन्या लाइटीचं असेल.

परवा गायरानात मोजणी झाली. फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या आहेत, चार कोपऱ्यांना दगड रोवलेत. या आठवड्यात आमच्या फीडरला गुरुवारपासून रात्रीची पाळी आहे. आईने बॅटरी चार्जिंगला लावली आहे.